ऑर्किडला पाणी घालण्याआधी मुळं बघा

माझं पहिलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड मी पाणी घालून घालून मारलं. तुळशीला घालून उरलेलं तांब्याभर पाणी रोज त्याला. दीड महिन्यात पानं सुरकुतली, तेव्हा तहानलं असेल म्हणून आणखी घातलं. शेवटी कुंडीतून काढलं तर मुळांची सालं हातात सुटून आली आणि मधोमध शेवाळाचा ओलाकिच्च बोळा. सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं सुकली होती.

हे ऑर्किड रानात झाडांच्या फांद्यांना धरून वाढतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, त्यामुळे त्याला माती नको. मी पाइनची साल आणि लोणारी कोळसा घेते, तुकडे बोटाच्या पेराएवढे. नवीन रोप आणलं की फुलं गळल्यावर मुळांमधला तसा शेवाळाचा बोळा काढून टाकते. काळी, पोकळ मुळं स्वच्छ कात्रीने कापते आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावते.

कुंडी पारदर्शक प्लास्टिकचीच घ्या. मुळं हिरवी दिसली तर थांबा, चंदेरी झाली की पाणी द्या. कोथरूडच्या माझ्या गॅलरीत मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी लागतं, पावसाळ्यात कधी आठ दिवसही लागत नाही. वार ठरवून घालू नका. सकाळी कुंडी दहा मिनिटं बादलीत बुडवून पूर्ण निथळू द्या. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी कापसाने टिपा. तिथे कूज लागली तर वाढीचा कोंबच जातो.

ऊन सकाळचं कोवळं पुरे. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

फुलांसाठी रात्रीचा गारवा हवा. म्हणून दिवाळीनंतर मी कुंडी घरात न घेता गॅलरीतच ठेवते. पानाखालून काही डोकावलं तर नीट बघा: मुळाचं टोक गुळगुळीत गोल असतं, फुलांच्या दांड्याचं चोचीसारखं. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका, तो उजेडाकडे वळत जातो.

डेंड्रोबियम या दुसऱ्या जातीच्या ऑर्किडची पानं झडलेली जुनी कांडी वाळकी समजून कापू नका. हिरवी आणि टणक असेल तर ती पाणी-अन्नाच्या साठवणीची आहे. माझ्याकडच्या अशाच दोन बोडक्या कांड्यांवर या वर्षी जांभळी फुलं आली.