तारण गमावले जाते का? इब्री लोकांस पत्राचा ६ वा अध्याय अभ्यासताना

ख्रिस्तावरील विश्वासाने मिळालेले तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, पुन्हा गमावता येते का? या प्रश्नावर बायबल अभ्यास ठेवला की एकजण योहान १०:२८ वाचतो (‘माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही’), दुसरा इब्री ६:४-६ वाचतो (पतन झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे) आणि वेळ संपते. म्हणून सगळी वचने एकदम काढू नका. सर्वांत अवघड उतारा घ्या आणि त्याला दीड तास द्या.

आधी ५:११ ते ६:१२ मोठ्याने दोनदा वाचा. सहाव्या वचनावर थांबणे ही नेहमीची चूक. मग ४ ते ६ मधली क्रियापदे एकाखाली एक लिहा: प्रकाश मिळाला, रुची घेतली, भागीदार झाले, पुन्हा रुची घेतली, पतन झाले. मूळ ग्रीकमध्ये ही पाचही एकाच साखळीत येतात. पतनाआधी ‘जर’ नाही. तो भाषांतरात येतो. त्यामुळे ‘हे नुसते काल्पनिक आहे’ म्हणून सुटका होत नाही. ‘त्यांनी फक्त चाखून पाहिले’ हेही टिकत नाही, कारण २:९ मध्ये येशूच्या मरणासाठी तेच क्रियापद आहे, आणि तो खरोखर मेला.

आता दुसरी बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडा. ३:१४ म्हणते, शेवटपर्यंत भरवसा धरला तर आपण ख्रिस्ताचे भागीदार झालो आहोत. ‘होऊ’ नव्हे, ‘झालो आहोत’. म्हणजे टिकून राहणे ही तारणाची किंमत नसून त्याची खूण आहे, असे कॅल्विनवादी, म्हणजे खऱ्या विश्वासणाऱ्यांना देव शेवटपर्यंत राखतो असे मानणारे, वाचतात. शिवाय ६:९ मध्ये लेखक त्याच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि त्यांच्याविषयी तारणाची खात्री बाळगतो.

गटात कोण कुठून आले आहे ते जाणून घ्या. १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या कॅल्विनवादी धर्मसभेने खरे विश्वासणारे शेवटपर्यंत राखले जातात असे ठरवले; इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट तारण गमावता येते असे मानतात. वसईतले किंवा गोव्यातले कॅथलिक म्हणतील की प्राणघातक पापाने कृपा जाते, पण प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या वळणाच्या) आणि मेथडिस्ट अशा दोन्ही परंपरा एकत्र आल्या, तेव्हा एकाच बाकावर दोन्ही उत्तरे बसलेली असू शकतात.

‘माझ्या हातून पाप झाले, माझे तारण गेले’ म्हणत कुणी घाबरून आले, तर त्याला आधी हा अध्याय देऊ नका. इथले पतन म्हणजे ख्रिस्ताला उघडपणे झिडकारणे, ठेचकाळणे नव्हे. त्याच्याबरोबर लूक २२:३१-३२ (पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून येशूने केलेली प्रार्थना) आणि मग योहान २१:१५-१७ वाचा: तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशू तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि मेंढरे त्याच्याच हाती सोपवतो.