भाड्याचं घर विकताना सुधारणा खर्च दाखवताय? या चुका टाळा

भाड्याने दिलेलं घर विकलं की लोकांना त्यावर केलेला खर्च आठवू लागतो. भांडवली नफ्यातून सुधारणा खर्च वजा मिळतो, हे खरंच. पण रिटर्न भरायच्या दिवसांत त्याच त्या चुका समोर येतात आणि हक्काची वजावट हातची जाते.

सर्वांत घातक चूक म्हणजे विक्रीनंतर बिल बनवून घेणं. एका गृहस्थांनी गच्चीवर खरोखरच खोली बांधली होती, तीही नगरपालिकेची परवानगी काढून. पैसे रोख दिले, पावती घेतली नाही. घर विकल्यावर कंत्राटदाराकडून 2014 ची तारीख घालून बिल आणलं आणि त्यावर छापील जीएसटी क्रमांक! जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. नोटीस आल्यावर ते माझ्याकडे आले, तोवर ते बिल सादर झालेलं होतं. खर्च पूर्ण नाकारला गेला, वर दंडाची कारवाई. मंजूर नकाशा, वाढलेली घरपट्टी, बँकेतून त्या महिन्यांत काढलेल्या रकमा एवढं जरी आधी मांडलं असतं, तरी खऱ्या खर्चासाठी ठामपणे भांडता आलं असतं. खोट्या कागदाने खरं कामही संशयात टाकलं.

माझी पद्धत साधी आहे. काम सुरू होण्याआधी फोटो, कोटेशन, चेकने किंवा ऑनलाइन पैसे, पक्कं बिल, काम संपल्यावर पुन्हा फोटो. सगळं खरेदीखताच्याच फायलीत. ‘विकताना सीए बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: नसलेला कागद कुठलाच सीए आणू शकत नाही.

दुसरी चूक, दुरुस्तीला सुधारणा म्हणणं. रंगकाम, गळका नळ, भाडेकरू गेल्यावरची डागडुजी यांसाठी भाड्याच्या उत्पन्नातून दरवर्षी सरसकट 30 टक्के वजावट मिळतेच, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. तोच खर्च विक्रीच्या वेळी पुन्हा मागता येत नाही. खोली वाढवली, मजला चढवला, बोअरवेल घेतली, तर ती सुधारणा. सोफा, फ्रिज यात बसत नाहीत. विक्रीची दलालीही नाही. ती विक्रीखर्च म्हणून वेगळी वजा होते.

गृहकर्जाच्या व्याजाचंही तेच. भाड्याच्या उत्पन्नातून वजा केलेलं व्याज घराच्या किमतीत पुन्हा मिळवू नका. 2023 च्या वित्त कायद्याने ही वाट स्पष्ट शब्दांत बंद केली आहे.

सुधारणेच्या खर्चाचं इंडेक्सेशन, म्हणजे महागाई निर्देशांकानुसार तो वाढवून धरणं, सुधारणेच्या वर्षापासून करायचं, खरेदीच्या नव्हे. 2012-13 मध्ये 4 लाख खर्च केले आणि 2025-26 मध्ये घर विकलं, तर निर्देशांक 200 आणि 376. म्हणजे खर्च 7,52,000 धरला जातो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला 12.5 टक्के इंडेक्सेशनविना किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह, यातला कमी कर भरता येतो. 12.5 टक्क्यांत सुधारणा खर्च मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. तो मिळतो, फक्त मूळ रकमेने. दोन्ही आकडे काढल्याशिवाय रिटर्न भरू नका.

1 एप्रिल 2001 पूर्वीची सुधारणा वेगळी मागू नका.

आणि घर वारसाहक्काने आलं असेल, तर 1 एप्रिल 2001 पासून वडिलांनी केलेली सुधारणाही तुम्हाला वजा मिळते. त्यांची जुनी कागदपत्रं रद्दीत घालण्यापूर्वी एकेक पान नीट बघा.