पहिली भाषा कोणती? स्क्रीन रीडर ठरवेल

डोळ्यांनी दिसत नसताना प्रोग्रामिंग शिकायचंय? मग नागपुरात बर्डीवरच्या क्लासची फी भरण्याआधी एकच विचारा: प्रोग्राम कशात लिहायचा? ‘टर्बो सी, डॉसबॉक्समध्ये’ असं उत्तर आलं तर थांबा. डॉसबॉक्स म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवणारी खिडकी, आणि स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी, ती नुसतं चित्र. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. स्क्रॅच या मुलांच्या भाषेत ठोकळे माउसने ओढायचे, तेही सोडा.

पायथन घ्या. ‘पण त्यात इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, दिसायला हवं ना?’ ऐकू येतं की! एनव्हीडीए-कंट्रोल-डी दाबा (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) आणि लाइन इंडेंटेशनला ‘स्पीच’ निवडा. संत्र्यांच्या वजनांची बेरीज करणारा फॉर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) लिहिलात, तर आतल्या ओळीआधी ‘४ स्पेस’ बोलेल. पुढच्या ओळीला ‘३’ ऐकू आलं, की चूक तिथेच.

कोलन आणि कंस मूळ सेटिंगमध्ये बोललेच जात नाहीत, आणि नवशिक्याची निम्मी डोकेदुखी हीच. एनव्हीडीए-पी दाबत चिन्हं बोलण्याची पातळी ‘ऑल’वर आणा. आवाज इंग्रजी ठेवा.

पायथनसोबत येणारं आयडल हे कोड लिहायचं साधन स्क्रीन रीडरने नीट वाचता येत नाही. नोटपॅडमध्ये लिहा, कमांड प्रॉम्प्टवर चालवा; एरर आली की शेवटची ओळ आधी वाचा. हात बसल्यावर व्हीएस कोड हा कोड एडिटर आणि त्याचं पायथन एक्स्टेंशन टाका. तिथे एफ८ थेट पुढच्या चुकीवर नेतं.