जुन्या कारचा छोटा पिकअप कसा करावा: बंद आवारातल्या मालासाठी

आधी कायद्याचे पाहू, कारण तिथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कारचा पिकअप म्हणजे बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, वजन असे सगळेच बदलते. त्यामुळे असा पिकअप मुंबईच्या रस्त्यावर काढायचा नाही, अगदी गल्लीच्या टोकापर्यंतही नाही. रस्त्यावर माल न्यायचा असेल तर कंपनीतून तयार आलेला छोटा टेम्पोच घ्या.

मग हा उद्योग कुणासाठी? कारखाना, गोदाम, नर्सरी, शूटिंगचे आवार, अलिबागकडची वाडी, म्हणजे जिथे गाडी फाटकाबाहेर जाणारच नाही अशा जागेसाठी. फक्त कारखान्यात किंवा बंद आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तरी गाडीची नोंदणी चालू असेल तर कापण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी जिथली गाडी असेल तिथे, नोंदणीचे काय करायचे ते लेखी विचारून घ्या. दुसरे, गाडी जिथे वापरायची तिथेच कापा. वाडी मांडव्याकडे असेल तर कागदपत्रे पूर्ण असलेली धडधाकट गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) न्या आणि ग्राइंडर तिकडे चालवा. कुर्ल्याच्या गॅरेजात कापून घेतली तर ती परत टोइंगवरच न्यावी लागेल.

गाडी कोणती निवडावी

जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते. तिची बॉडी कापली तरी चासी वजन पेलते. साध्या कारला अशी चासी नसते. छप्पर, खांब, दाराखालच्या पेट्या, मागच्या सीटमागचा पत्रा हे सगळे मिळून तिची ताकद बनते, आणि नेमके त्यातलेच निम्मे आपण कापणार असतो. या लेखातल्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

डिकीवाली सेडान आणि हॅचबॅक दोन्ही चालतात. हॅचबॅकमध्ये मागची काच तिच्या चौकटीसकट कापून पुढे सरकवता येते आणि केबिनची मागची भिंत निम्मी तयार मिळते. सेडानमध्ये माल ठेवायचा हौदा लांब मिळतो, पण एस्टीमसारख्या गाडीत मागच्या शॉकअपची वरची टोके ज्यांत बसतात ते बुरूज हौद्यात वर येतात. त्यांना हात लावायचा नाही, उलट ते जपायचे. मारुती 800 स्वस्तात मिळते म्हणून मोह होतो, पण ती अंगानेच हलकी. दोनेकशे किलोच्या पुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. फार नवी गाडीही नको. नव्या गाड्यांच्या खांबांत अतिकठीण पोलाद असते, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद जाते. शिवाय छपराच्या कडेत एअरबॅग असली तर तिथे ग्राइंडर लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

मुंबईची गाडी म्हटली की गंज तपासल्याशिवाय सौदा करू नका. मॅटिंग उचला, मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चार ठिकाणी जोराने टोचा: दाराखालच्या पेटीचा मागचा कोपरा, मागच्या सीटखालचा पत्रा, मागची चाके धरणाऱ्या आर्मचे बोल्ट जिथे बसतात ती जागा आणि शॉकअपच्या बुरुजाचा माथा. टोक आत गेले तर गाडी सोडून द्या. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो, तो भाग बोटाने वाजवून पाहिला तर आवाज बसका येतो. गंजलेल्या पत्र्यावर नवा पाइप जोडला की जोड टिकतो आणि शेजारचा पत्रा फाटतो.

वजनाचे गणित

गाडीचे रिकामे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन आरसीवर किंवा माहितीपुस्तिकेत मिळते. समजा 900 आणि 1,300 किलो आहे. फरक 400 किलो. त्यातून चालक आणि मदतनीस यांचे 150 वजा केले की माल उरतो 250 किलो. सिमेंटच्या पाच गोण्या, संपला विषय. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घालून हे वाढवू असे सांगणारा कारागीर भेटेलच. पण पाटे घातले म्हणून ब्रेक, बेअरिंग आणि टायर वाढत नाहीत. ब्राझीलमध्ये फियाटने पालिओ कारवरून स्ट्राडा हा पिकअप काढला, तेव्हा मागचा अॅक्सलच बदलून पाट्यांवर बसवला. गॅरेजात ते होत नाही.

माल कुठे ठेवता हेही तितकेच महत्त्वाचे. पुढच्या आणि मागच्या चाकांत 2,400 मिमी अंतर असलेल्या गाडीत 100 किलो वजन मागच्या अॅक्सलच्या 600 मिमी मागे ठेवले, तर मागच्या चाकांवर 125 किलो येतात आणि पुढची चाके 25 किलोने हलकी होतात. या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात. पावसात गोदामाचा ओला रॅम्प चढताना पुढचे चाक नुसते फिरते ते याचमुळे. म्हणून हौदा अॅक्सलच्या मागे लोंबवू नका. मूळ बंपर जिथे संपतो तिथेच फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे दार, यावा.

कापण्याआधी

बॅटरी काढा. इंजिनचा कॉम्प्युटर असेल तर त्याचाही प्लग काढा, वेल्डिंगचा करंट त्यातून गेला तर तो जळतो. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते. नुसती रिकामी करून भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक. टाकी पूर्ण उतरवून कामापासून लांब ठेवा. सीएनजीचे नळकांडे असेल तर ते किटवाल्याकडूनच काढून घ्या. सीट, मॅटिंग, छपराचे कापड, वायरिंग सगळे मोकळे करा. छपरातून मागे जाणारी वायर न तोडता पुढे गुंडाळून ठेवा.

गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी ठेवा. मधोमध जॅक लावून कापलेली गाडी त्याच वाकड्या स्थितीत वेल्ड होते आणि मग दार लागत नाही. आता आतून आधार द्या: 25×25×2 मिमीचा चौकोनी पाइप दोन्ही मधल्या खांबांमध्ये आडवा, एक वर आणि एक खाली, शिवाय एक तिरका. दाराच्या फटी मोजून मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहा. मग कर्ण मोजा: डाव्या मधल्या खांबाच्या पायापासून उजव्या बुरुजापर्यंत आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत. दोन्ही मापे काम संपेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायची आहेत. 3 मिमीपेक्षा जास्त फरक पडला की थांबा.

कापणे आणि जोडणे

छपरावर रेघ मधल्या खांबाच्या 120 ते 150 मिमी मागे मारा. पुढची सीट मागे सरकायला आणि सीटबेल्टच्या पट्ट्याची गुंडाळी शाबूत राहायला तेवढी जागा लागते. प्रत्यक्ष कापा मात्र त्याहून 40 मिमी मागे. जास्तीचा पत्रा नंतर छाटता येतो, कमी पडलेला वाढवता येत नाही. ग्राइंडरला 1 मिमीची चकती लावा. छप्पर, मागचे खांब, मागची दारे जातील. दाराखालच्या पेट्या, चाकांच्या आतल्या कमानी, बुरूज आणि तळाचे दोन लांब पन्हाळी पट्टे यांना चकती लावायची नाही. मागच्या काचेबद्दल एक लक्षात ठेवा: ती टफन असते, कापायला गेलात तर चुरा होईल. ज्या आकारात आहे त्याच आकारात तिची चौकट पुढे आणायची. छप्पर मागे निमुळते असल्यामुळे ती चौकट पुढे थोडी अरुंद पडते. दोन्ही बाजूंना 1 मिमी पत्र्याच्या पट्ट्या घालून ती फट भरा.

सांगाड्याला 50×50×3 मिमीचा बॉक्स पाइप लागतो, सुमारे 8 मीटर: 1.8 मीटरचे दोन उभे (गाडीच्या लांबीने) आणि 1.1 मीटरचे चार आडवे. हा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो, म्हणजे 34 किलो. केबिनच्या मागच्या कमानीला 40×40×2 मिमीचा 4 मीटर. हौद्याच्या तळाला 2 मिमी पत्रा, बाजूंना आणि फाळक्याला 1.2 मिमी. चेकर प्लेट दिसते छान, पण 3 मिमीची घेतली तर तळच 40 किलोचा होतो. लोखंड दारूखान्याच्या किंवा कळंबोलीच्या लोखंडबाजारात घ्या, बोल्ट आणि हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. जुना पाइप घेतलात तर आतून गंज आहे का ते टॉर्च लावून बघा.

दोन्ही उभे पाइप पुढे दाराखालच्या पेट्यांना आणि मागे तळाच्या पन्हाळी पट्ट्यांना जोडायचे. इथेच बहुतेक कामे फसतात. गाडीचा पत्रा 0.8 मिमीच्या आसपास, पाइप 3 मिमीचा. पाइप थेट पत्र्यावर वेल्ड केला तर वेल्ड धरतो, पण महिनाभराने त्याच्या कडेने पत्रा कागदासारखा फाटतो. म्हणून प्रत्येक जोडाखाली 100×150 मिमीची, 3 मिमी जाडीची पट्टी आधी पत्र्यावर चारी बाजूंनी बसवा, कोपरे गोल करून, आणि पाइप त्या पट्टीवर जोडा. पेटीतून बोल्ट आरपार न्यायचा असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर नट आवळताना पेटी चेपते. बोल्ट 8.8 ग्रेडचा, 10 मिमी.

वेल्डिंग सीओटूचेच (कार्बन डायऑक्साइड वायू आणि तार वापरणारे) हवे, तार 0.8 मिमी. रॉडच्या वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोके पडतात. एका दमात लांब रेघ ओढू नका. 20 ते 25 मिमीचा टाका मारा, मग समोरच्या बाजूला जा, पत्रा हाताला गार लागला की परत या. आधी सगळीकडे टॅक (तात्पुरते ठिपके), मग कर्ण मोजा, मग पक्के. जस्ताचा थर असलेला पत्रा असेल तर जोडाजवळचे जस्त घासून काढा आणि दारे उघडी ठेवून काम करा. त्याच्या धुराने ताप येतो.

आतला तात्पुरता आधार काढण्याआधी एक परीक्षा घ्या. मागच्या एका कोपऱ्याला जॅक लावून चाक 100 मिमी उचला आणि पुढची दोन्ही दारे उघडा, लावा. दार पूर्वीसारखेच लागले तर सांगाडा जमला. कुलपाशी घासले किंवा टेपवर लिहिलेल्या मापात फरक दिसला, तर केबिनच्या कमानीपासून उभ्या पाइपांपर्यंत तिरके आधार वाढवा. बुरूज असतील तर दोन्ही माथे आडव्या पाइपने एकमेकांना बांधा.

भिंत, धूर आणि पाणी

केबिनची मागची भिंत हवाबंद हवी. एक बोटभर फट राहिली तरी सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सगळे सांधे सीलरने भरा. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहिले की उरलेल्या फटी उजेडाने कळतात. सायलेन्सरची नळी फाळक्याच्या बाहेर काढा. टाकी मूळ जागी, मूळ पट्ट्यांवरच परत बसवा. हौद्याचा तळ ठोकताना बोल्टचे टोक तिच्या दिशेने येणार नाही हे पाहा.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. हौद्याला चार कोपऱ्यांत 20 मिमीची भोके पाडा आणि जुन्या फ्लोअरलाही त्यांच्याखाली वाट द्या, नाहीतर दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून राहते. पाइपांची तोंडे बंद करा, पण त्याआधी आत मेणाचा फवारा मारा. बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग, खालून डांबरी कोटिंग.

ब्रेक आणि चाचणी

मागून सीट, दारे, छप्पर गेले आणि लोखंड आले. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघतात, तरी अंदाजावर राहू नका. काढलेला प्रत्येक तुकडा भंगारवाल्याच्या काट्यावर घाला आणि आकडा लिहून ठेवा. मागची बाजू पूर्वीपेक्षा हलकी झाली असेल, तर रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. मागच्या अॅक्सलला स्प्रिंगने जोडलेला ब्रेक व्हॉल्व असेल तर मागची उंची बदलल्यावर तो माहितीपुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावून घ्या. मोकळ्या आवारात ओल्या जमिनीवर ताशी 20 किमीने चाचणी घ्या, आधी रिकामी आणि मग 250 किलो घालून. टायरच्या कडेवरचा भारांकही वाचा: 75 म्हणजे एका टायरला 387 किलो, 79 म्हणजे 437. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर कोंबून मागची बाजू उचलण्याची पद्धत आहे. त्याने उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग तुटते. त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या कंपनीच्या सीएनजी गाडीची मागची स्प्रिंग मिळते का ते शोधा. मागचे दिवे परत जोडा, रिव्हर्सला भोंगा लावा. हौद्यात माणसे बसवू नका.

पहिल्या महिन्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि पट्ट्यांच्या कडा चिंध्यांनी पुसून पाहा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर तिथे चीर सुरू झाली आहे. तिच्यावर नुसता वेल्ड फिरवू नका. आधी चिरेच्या टोकाला 3 मिमीचे भोक पाडा म्हणजे ती पुढे जाणार नाही, मग चीर वेल्ड करून वर दुप्पट आकाराची पट्टी चढवा.