आमवात आणि पोळ्यांचं काम

घरोघरी किंवा पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करणाऱ्या बाईला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला की सगळ्यात अवघड वेळ सकाळची. बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, आणि नेमकी तेव्हाच कणीक मळायची असते. हा ताठरपणा तासभर किंवा जास्तही टिकतो. म्हणून जरा लवकर उठा, कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघडा-मिटा, मगच परातीला हात लावा.

मनगटाला सर्वांत जड जातं ते मळणं. मालकांकडे मळायच्या यंत्राचा विषय जरूर काढा. ते जमत नसेल तर मळणं दुसऱ्या कुणाकडे देऊन भाजायचं काम मागून घ्या; यात कमीपणा मुळीच नाही. लाटताना जोर बोटांनी नको, तळव्याने द्या. भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी, अंगाशी धरून उचला. सांधा सुजून गरम लागतोय, त्या दिवशी काम कमीच करा.

दुखण्याच्या गोळीने ठणका दबतो, पण सांध्याचं नुकसान थांबत नाही. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांचीच औषधं लागतात. त्यात मेथोट्रेक्झेट नावाची गोळी असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि घेतली की कॅलेंडरवर खूण करा. सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.