धुऱ्यावरचे अनोळखी झाड: पोळ्याच्या आत ओळखा, मुळासकट काढा

श्रावणातल्या पावसाने काळी जमीन सध्या इतकी मऊ आहे, की वीतभर उंचीचे रोप दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढले तरी मुळासकट निघते. पोळा झाला, उघडीप पडली आणि माती आवळली, की तेच रोप वरच्या वर तुटते, सोटमूळ खाली राहते आणि त्यातून पुन्हा फूट येते. म्हणून कामाच्या घाईतही या आठवड्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक फेरी मारून सुबाभूळ आणि वेडी (विलायती) बाभूळ शोधून काढावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपोआप उगवलेल्या झाडाला ‘असू द्या, सावलीला होईल’ म्हणून सोडले आणि पुढे त्याच्या कडेच्या तुरीच्या चार ओळींत दाणाच भरला नाही, हे मी एकाहून अधिक वावरांत पाहिले आहे. नाल्याकाठी वेडी बाभूळ दाट झाली, की रानडुकरांना दिवसा दडायला जागा मिळते आणि रात्री ती शेजारच्या सोयाबीनमध्ये उतरतात.

आधी ओळख पटवावी. सुबाभळीला काटे नसतात, तिचे फूल पांढरे आणि गोंड्यासारखे गोल असते, शेंगा चपट्या व तपकिरी असून झुपक्याने लोंबतात. मूळची मध्य अमेरिकेतली ही झाडे आपल्याकडे चारा आणि जळण म्हणून लावली गेली. वेडी बाभूळ, म्हणजेच विलायती बाभूळ, काटेरी असते. फांद्या नागमोडी, फुलांचा तुरा लांबट व पिवळसर, शेंग पिवळी आणि गोड. गावठी बाभळीचे फूल पिवळे पण गोल असते आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. ती आपलीच आहे, तिला हात लावू नये. पांढुरक्या सालीचा हिवरही आपलाच. खैराच्या बाबतीत मात्र विशेष जपावे. त्याचे पान बाभळीसारखेच दिसते, परंतु पानाच्या बुडाशी आकड्यासारख्या वाकलेल्या आखूड काट्यांची जोडी असते. खैर हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे तो परवानगीशिवाय तोडता येत नाही.

रोप लहान असताना फूल नसते आणि शेंगही नसते. अशा वेळी ते कोठे उगवले आहे ते पाहावे. शेणखत पडलेल्या पट्ट्यातच अशी काटेरी रोपे दिसत असतील, तर मी ती वेडी बाभूळ धरून चालतो, कारण तिचे बी जनावराच्या पोटातून शाबूत बाहेर पडते. हा माझा अंदाज आहे, पण तो क्वचितच चुकला आहे. शेणखताचा ढीग उन्हाळ्यात दोनदा पलटवला, तर रोपे कमी निघतात, असेही मला वाटते. शंका उरल्यास झाड तोडू नये. पाने, काटे आणि असल्यास फूल-शेंग असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. तोवर त्यावरची एकही शेंग पिकू देऊ नये.

काढण्याची पद्धत:
– वीतभर रोप: हाताने, ओल असताना.
– गुडघाभर: सब्बलीने (पहारीने), सोटमुळासह.
– मोठे झाड: बुंध्याभोवती माती काढून जमिनीखाली वीतभर ते फूटभर खोल तोडणे, विळ्याने वरून छाटू नये.
– शेंगा: गोळा करून जाळणे, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये.
– सुबाभळीचा पाला: गाई-म्हशींना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, घोडा-गाढवाला अजिबात नाही.

आता औषधाविषयी. ‘धुरा साफ करायचा आहे’ एवढे म्हणताच दुकानदार बाटली पुढे करतात. आमच्या भागात एकाला असेच टू-फोर-डी हे तणनाशक दिले गेले. वाऱ्याबरोबर तुषार शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) गेले आणि आठवडाभरात तिची नवी पाने भेंडीच्या पानासारखी चिरून अरुंद झाली. कपाशीच्या नुकसानीला या औषधाचा नुसता वास लागलेला पंपही पुरतो, म्हणून ज्या गावात कपाशी उभी आहे तेथे ते वापरूच नये. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या ४१ टक्के द्रावणाची हेक्टरी २ ते ३ लिटर ही मात्रा चहामळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी सांगितलेली आहे, कपाशीच्या धुऱ्यासाठी नाही. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. दहा रोपांसाठी सब्बल आणि अर्धा दिवस पुरतो.

काढलेल्या जागी पुढच्या पावसाळ्यातही बी उगवते, कारण कठीण कवचामुळे ते जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. त्यामुळे आज जेथून रोप उपटले, तेथे एक खुंटी ठोकून ठेवावी आणि दसऱ्याच्या सुमारास, तसेच पुढच्या मृगानंतर, तेथेच पुन्हा पाहावे.