एनएफएल ड्राफ्ट बघताना आणि पिकचे सौदे तोलताना या चुका टाळा

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस गुरुवार ते शनिवार असा तीन दिवस चालतो. ३२ संघ, सात फेऱ्या आणि कॉलेजमध्ये खेळलेले अडीचशेच्या आसपास खेळाडू. आयपीएलच्या लिलावाला सरावलेली नजर इथे हमखास फसते, कारण इथे बोलीच लागत नाही. खेळाडू कितव्या क्रमांकावर उचलला गेला, यावरून त्याचा करार जवळजवळ ठरूनच जातो. संघ एकमेकांशी देवघेव करतात ती निवडीच्या हक्काची, म्हणजे पिकची. पिक म्हणजे खेळाडू नव्हे. एका खेळाडूला चार वर्षं कमी पगारात आजमावून बघण्याची ती संधी असते. मॉक ड्राफ्ट (कोण कोणाला घेईल याचा आपणच मांडलेला अंदाज) करताना किंवा एखादा ट्रेड तोलताना होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

क्रम नुसत्या हारजितीवरून लावणे

‘सर्वांत वाईट संघ पहिला’ हे अर्धंच खरं आहे. प्लेऑफला न पोचलेल्या १८ संघांना १ ते १८ क्रमांक त्यांच्या हारजितीवरून मिळतात. पुढचे क्रमांक मात्र प्लेऑफमध्ये कोण कुठे बाद झालं यावर ठरतात. पहिल्या फेरीत हरलेले १९ ते २४, त्यानंतरच्या फेरीत हरलेले २५ ते २८, कॉन्फरन्स फायनल (उपांत्य सामना) हरलेले २९ आणि ३०, सुपर बोल (अंतिम सामना) हरलेला ३१ आणि विजेता ३२. त्यामुळे २०२२च्या हंगामात ८ सामने जिंकून ९ हरलेला टॅम्पा बे, आपला गट जिंकून प्लेऑफला गेल्याने, १९व्या क्रमांकावर गेला. ९ जिंकून ८ हरलेला आणि प्लेऑफला न गेलेला डेट्रॉइट त्याच्या आधी, १८वा राहिला.

दोन संघांची कामगिरी सारखी असेल तर ज्याचे प्रतिस्पर्धी एकंदरीत कमी जिंकलेले, तो आधी निवडतो. सोप्या वेळापत्रकातही तेवढंच जमलं, म्हणजे तो संघ अधिक कमजोर, असा हिशोब. बरोबरीतले हे संघ पुढच्या फेऱ्यांमध्ये आपापसात जागा बदलतात. दुसऱ्या फेरीचा क्रम पहिल्या फेरीवरून जसाच्या तसा उतरवून घेतला की इथे गडबड होते.

शिक्षा म्हणून काढून घेतलेले पिकही तपासा. २०२३मध्ये मायामीचा पहिल्या फेरीचा पिक लीगने जप्त केला होता. त्या वर्षी पहिल्या फेरीत ३१च निवडी झाल्या.

भरपाईचे पिक कोणालाही, कशालाही मिळतात असं समजणे

तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जे जादा पिक दिसतात, ते बहुतेक फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपून मोकळे झाल्यावर दुसऱ्या संघात गेलेल्या खेळाडूंची भरपाई असते. मोजताना दोन गोष्टी चुकतात. करार संपून दुसरीकडे गेलेलाच खेळाडू धरला जातो. संघाने स्वतः सोडून दिलेला खेळाडू धरत नाहीत. शिवाय गेलेल्यांतून आलेले वजा करावे लागतात. चार चांगले खेळाडू गेले आणि तेवढ्याच तोलाचे चार करारबद्ध केले, तर हातात काही उरत नाही. एका संघाला जास्तीत जास्त ४ आणि सगळ्या लीगमध्ये मिळून ३२ ही मर्यादा आहे. २०१७पासून हे पिक ट्रेडही करता येतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून ते सौद्यातून वगळू नका.

चार्टला दरपत्रक मानणे

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर बघू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइजने प्रत्येक पिकला गुण देणारा तक्ता, म्हणजे हा चार्ट, केला. पहिल्या पिकला ३०००, दुसऱ्याला २६००, पाचव्याला १७००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. दुसऱ्या फेरीच्या शेवटी, ६४व्या क्रमांकावर, हा आकडा २७०वर येतो. आजही सौद्याची बोलणी बऱ्याचदा याच आकड्यांपासून सुरू होतात.

२०२५चा एक सौदा घेऊ. जॅक्सनविलला ट्रॅव्हिस हंटर हा खेळाडू हवा होता. त्यासाठी त्यांनी क्लीव्हलँडला ५वा, ३६वा आणि १२६वा पिक दिला, वर २०२६चा पहिल्या फेरीचा पिक. बदल्यात त्यांना २रा, १०४वा आणि २००वा पिक मिळाला.

दिलेल्यांची बेरीज: १७०० + ५४० + ४६ = २२८६.
मिळालेल्यांची बेरीज: २६०० + ८६ + सुमारे ११ = २६९७.

फरक सुमारे ४११ गुणांचा. तो भरून काढायला पुढच्या वर्षीचा पिक दिला गेला. आता नवखा माणूस त्या पिकला पहिल्या फेरीच्या मध्याचे, म्हणजे १००० गुण लावतो आणि जॅक्सनविलने ६०० गुण जास्त मोजले असं सांगून मोकळा होतो. लीगमधला रूढ ठोकताळा वेगळा आहे: पुढच्या वर्षीचा पिक या वर्षीच्या एक फेरी खालच्या पिकइतका धरायचा. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर, ४८व्या क्रमांकाला चार्टमध्ये ४२० गुण आहेत. हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो.

दुसरी ढोबळ चूक म्हणजे परत आलेले छोटे पिक मोजायचेच नाहीत. बातमीत मथळा होतो तो वर सरकलेल्या पिकचा, पण १०४वा पिकही फुकट आलेला नसतो.

आता चार्टची मर्यादा. तो संघांच्या सौद्यांच्या रीतीवरून बनला आहे; कोणत्या क्रमांकाचा खेळाडू पुढे कसा निघाला, यावरून नव्हे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांना आढळलं की संघ अगदी वरच्या पिकसाठी गरजेपेक्षा फार जास्त मोजतात आणि एकाच जागेवर खेळणाऱ्या, पाठोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त असते. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरण्याच्या सवयीला त्यांनी व्याजाच्या भाषेत मांडलं, तेव्हा दर निघाला वर्षाला १३६ टक्के. एवढ्या व्याजाने उधारी करणारा समोर असेल, तर त्याला उधार देणाऱ्या संघाची चांदी होते. म्हणून चार्टचा वापर ‘सौदा रिवाजाला धरून आहे का’ हे पाहण्यापुरता करा. ‘सौदा शहाणपणाचा आहे का’ हा प्रश्न त्यावर सोडू नका.

पुढच्या वर्षीचा पिक विसाव्याच्या पुढेच पडेल असं गृहीत धरणे

वर सरकण्यासाठी मोठी किंमत मोजणारा संघ बहुधा आधीच अडचणीत असतो. त्याला चांगला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) नसतो, आणि नव्या क्वार्टरबॅकचं पहिलं वर्ष क्वचितच सोपं जातं. २०२३मध्ये कॅरोलायनाने शिकागोकडून पहिला पिक घेतला. दिलं काय? ९वा आणि ६१वा पिक, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) डीजे मूर, २०२४चा पहिल्या फेरीचा आणि २०२५चा दुसऱ्या फेरीचा पिक. त्या हंगामात कॅरोलायनाने १७पैकी दोनच सामने जिंकले. त्यामुळे दिलेला २०२४चा पिक थेट पहिला ठरला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं.

१९९९मध्ये न्यू ऑर्लिन्सने रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्ससाठी त्या वर्षीचे आपले सगळे पिक आणि २०००चे पहिल्या व तिसऱ्या फेरीचे पिक वॉशिंग्टनला दिले. हंगाम ३ विजय आणि १३ पराभवांचा गेला आणि दिलेला पिक दुसऱ्या क्रमांकाचा निघाला. अशा संघाचा पुढचा पिक तोलताना तो ५ ते १२च्या दरम्यान पडेल असं धरून हिशोब करा. सौदा तरीही पटला, तरच तो चांगला.

क्वार्टरबॅकच्या सौद्याला चार्टचीच फूटपट्टी लावणे

क्वार्टरबॅकसाठी वर सरकताना चार्टपेक्षा जास्त द्यावं लागतं, हे गृहीतच धरावं. २०१२मध्ये वॉशिंग्टनने सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीचा आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक दिले. २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १२व्यावरून तिसऱ्यावर जाताना २०२२ आणि २०२३चे पहिल्या फेरीचे पिक दिले, शिवाय २०२२चा तिसऱ्या फेरीचा. त्यावर घेतलेला ट्रे लान्स २०२३मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला. या संघाला भरवशाचा क्वार्टरबॅक मिळाला तो २०२२च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२व्या पिकवर: ब्रॉक पर्डी. याचा अर्थ वर सरकणं नेहमी चूकच असतं असा नाही. २०१७मध्ये कॅन्सस सिटी २७व्यावरून दहाव्यावर आला, ९१वा पिक आणि २०१८चा पहिल्या फेरीचा पिक देऊन, आणि पॅट्रिक माहोम्सला घेतलं. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक म्हणून ॲलेक्स स्मिथ होता, त्यामुळे माहोम्सला पहिल्या वर्षी घाईने उतरवावं लागलं नाही आणि दिलेला पिकही फार वरचा ठरला नाही.

३२ आणि ३३मध्ये फरक फक्त दहा गुणांचा मानणे

ड्राफ्टमधल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा असतो. पण फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो. तो घ्यायचा की नाही, हे तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं, आणि लीग व खेळाडू संघटनेच्या २०२०च्या करारापासून तो घेतला की रक्कम पूर्ण हमीची होते. चार्टवर ३२ आणि ३३ यांत १० गुणांचाच फरक असला, तरी ३२व्यासोबत एक जादा वर्ष येतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत त्या एका वर्षाचं मोल प्रचंड असतं. म्हणूनच २०१४मध्ये मिनेसोटाने टेडी ब्रिजवॉटरसाठी आणि २०१८मध्ये बाल्टिमोरने लमार जॅक्सनसाठी बरोबर ३२व्या क्रमांकावर उडी घेतली.

२०११च्या आधीच्या सौद्यांशी तुलना करतानाही जपा. २०१०चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांचा, ७.८ कोटी डॉलरचा होता आणि त्यातले ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी नवी पगाररचना आली आणि पहिला पिक कॅम न्यूटन याला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. त्याआधी वरचा पिक ओझं ठरू शकत असे. २०११नंतर तो स्वस्त झाला.

सौदा ठरला म्हणजे झाला असं समजणे

२०२५मध्ये पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला १० मिनिटं मिळत होती, दुसऱ्यात ७, तिसऱ्या ते सहाव्यात ५ आणि सातव्यात ४. वेळ संपली तर पिक जात नाही, पण मागचा संघ पुढे घुसून आपलं नाव देऊ शकतो. आणि ट्रेड वैध होतो तो दोन्ही संघांनी लीगला स्वतंत्रपणे कळवल्यावरच.

२०११मध्ये २६व्या क्रमांकावर बाल्टिमोर आणि शिकागो यांचं बोलणं झालं होतं. बाल्टिमोरने लीगला कळवलं, शिकागोकडून कळवायचं राहिलं. घड्याळ संपलं आणि मागच्या कॅन्सस सिटीने आपली निवड आधी करून टाकली. २००३मध्ये सातव्या क्रमांकावरची मिनेसोटा अशाच अर्धवट सौद्यात अडकली. जॅक्सनविल आणि कॅरोलायना दोघेही पुढे घुसले आणि मिनेसोटाला नवव्या निवडीवर केविन विल्यम्स घ्यावा लागला. तो पुढे उत्तम निघाला, पण दोन संघ मध्ये घुसले तेव्हा तो हातचा जाऊ शकला असता. थेट प्रक्षेपणात ‘ट्रेड होतोय’ असं ऐकलं तरी आयुक्त किंवा लीगकडून जाहीर होईपर्यंत आपल्या तक्त्यात बदल करू नका. मॉक ड्राफ्ट मित्रांसोबत खेळत असाल तर हाच नियम लावा. वाद निम्म्याने कमी होतात.

टोपी पाहून संघ ठरवणे

निवड होताच खेळाडूच्या डोक्यावर त्या संघाची टोपी येते, पण त्यानंतरही त्याचे हक्क ट्रेड होतात. २००४मध्ये सॅन डिएगोने इलाय मॅनिंगला पहिल्या पिकवर घेतलं आणि न्यूयॉर्क जायंट्सने चौथ्यावर फिलिप रिव्हर्सला. त्याच दिवशी दोघांची अदलाबदल झाली, जायंट्सकडून जादा पिकसह. खेळाडूने करारच केला नाही, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्टमध्ये येतो. १९८६चा पहिला पिक बो जॅक्सन टॅम्पा बेकडे न जाता बेसबॉलकडे गेला. १९८७मध्ये रेडर्सने त्याला सातव्या फेरीत घेतलं.

सातव्या फेरीचा पिक कचरा समजून उधळणे

ड्राफ्ट संपताच निवड न झालेल्या खेळाडूंसाठी फोनाफोनी सुरू होते. तिथे खेळाडू स्वतः संघ निवडतो. ज्या संघात त्याच्या जागेसाठी स्पर्धा कमी, तिकडे त्याचा ओढा असतो आणि त्याचा करार तीनच वर्षांचा होतो. सातव्या फेरीत त्याचं नाव घेतलं, तर ती चढाओढ टळते आणि तो चार वर्षांसाठी बांधला जातो. म्हणून सौद्यात २३०व्याच्या आसपासचा पिक ‘असाच’ टाकून देण्याआधी, आपल्या यादीत निवड न होण्याच्या काठावरचे किती जण उरले आहेत ते मोजा. दोघे-तिघे उरले असतील तर तो पिक ठेवा. एकही नसेल, तर पुढच्या वर्षीच्या सहाव्या फेरीच्या बदल्यात तो खुशाल द्या.